पक्ककु जरुगु : सिरोंचाचा रस्ता आणि शाळेची सायकल

सिरोंचा तालुक्यातल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षे शिकवले. त्यातली शेवटची काही वर्षे माझ्याकडे सायकलींचे रजिस्टर होते. अनुक्रमांक, विद्यार्थिनीचे नाव, इयत्ता, गाव, शाळेपासूनचे अंतर, बँक खाते, पावती, सही असे आठ रकाने. मुलीची सही झाली की योजना पूर्ण झाली. मुलीला सायकल चालवता येते का, ती कोणत्या रस्त्याने येणार, त्या रस्त्यावरून आणखी काय जाते, यासाठी नववा रकाना नव्हता. तो असावा असे मलाही तेव्हा सुचले नाही. हा लेख त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

आमच्या भागात घराघरांत तेलुगू बोलतात. जंगलाकडच्या गावांतून माडिया येते, आणि मराठी शाळेत भेटते. रस्त्याच्या कडेने मुले सायकलवरून जात असली आणि मागून गाडीचा आवाज आला, की पुढचे मूल ओरडते, "पक्ककु जरुगु!" म्हणजे बाजूला हो, सरक. आमच्या मुलांना रस्त्याचा हा एकच नियम ठाऊक होता. तो त्यांना कोणी शिकवला नव्हता. रस्त्यानेच शिकवला होता.

हा नियम कुठून आला, हे पाहायचे तर आधी रस्त्याकडे पाहावे लागते.

सिरोंचा हे नकाशावर महाराष्ट्राचे दक्षिण-पूर्व टोक. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, आणि थोडे खाली सोमनूरजवळ इंद्रावतीही येऊन मिळते. १८६० साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचे ठाणे झाले. आज जिल्ह्याच्या गावी जायला दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करणाऱ्या आमच्या लोकांना हे सांगितले तर हसू येते, पण काही वर्षे सिरोंचा स्वतःच जिल्ह्याचे गाव होते. त्या काळी इथली वाहतूक रस्त्याने होईल असे कुणाला वाटतच नव्हते. आर्थर कॉटनच्या कल्पनेतून गोदावरी-प्राणहितेवरून थेट वऱ्हाडाच्या कापसापर्यंत बोटी नेण्याची योजना आखली गेली. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यातला मधला इंचमपल्लीचा, आमच्या शेजारचा. ते ओलांडायला कालवे आणि दरवाजे बांधण्याचे काम सुरू झाले, पैसा ओतला गेला, आणि १८७१ साली ते सोडून देण्यात आले. तोवर कापूस रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागला होता. १८७४ साली जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही त्याच्या शेवटच्या टोकाला आलो.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे सिरोंचाचा रस्ता म्हणजे संपणारा रस्ता होता. आलापल्लीहून सागवानाच्या जंगलातून शंभरेक किलोमीटर यायचे, आणि नदीवर येऊन थांबायचे. पलीकडे कालेश्वरचे देऊळ दिसायचे. तिथे जायला नाव. लग्नाचे वऱ्हाड नावेतून, आजारी माणूस नावेतून, मिरचीची पोती नावेतून. जो रस्ता कुठे जात नाही त्यावर अनोळखी गाडी येत नाही. एसटीची बस, जंगल खात्याचा ट्रक, पोलिसांची गाडी, किराणा आणणारी लारी. (आमच्याकडे ट्रकला आजही लारीच म्हणतात.) ड्रायव्हर गावाला ओळखायचा आणि गाव ड्रायव्हरला.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 'रस्ता' आणि 'सुरक्षा' हे दोन शब्द आमच्या जिल्ह्यात एकत्र आले की त्यांचा अर्थ वेगळा होतो. १९८० पासून या जंगलात नक्षलवादी चळवळ आली, आणि रस्त्याची सुरक्षा म्हणजे सुरुंग आहे की नाही हे तपासणे, असा अर्थ रूढ झाला. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. अशा जिल्ह्यात सायकलवरच्या मुलाच्या सुरक्षेचा विषय काढणे म्हणजे घराला आग लागलेली असताना चुलीच्या धुराची तक्रार करण्यासारखे वाटायचे. रस्ते बांधले गेले तेही याच हिशेबाने. २००९ साली केंद्राने नक्षलग्रस्त ३४ जिल्ह्यांसाठी रस्त्यांची खास योजना मंजूर केली. त्यात गडचिरोली होता. रस्ता लांबवर पोचावा आणि वेगाने पोचावा, हा उद्देश. त्याच्या कडेने कोण चालते, हा प्रश्न त्या उद्देशात बसत नव्हता.

आता सायकलीकडे वळू.

सायकलीचा इतिहास मोठ्या माणसांचा म्हणून सांगितला जातो, पण त्यात एक लहान मूल आहे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेले टायर तयार केले ते स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी, ती खडबडीत रस्त्यावर कमी आदळावी म्हणून. त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले. पुढे नांगर आणि कारखाने आले, पण सुरुवात सायकलची. त्या दुकानाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे सायकल विकत मिळायची आणि ती चालवायलाही शिकवायचे. यंत्र नवे होते, म्हणून विकणाऱ्याला कळत होते की वस्तू दिली म्हणजे काम झाले नाही.

सायकल स्वस्त झाली, घरोघर गेली, आणि शिकवणे मागे पडले. माझ्या पिढीने सायकल कशी शिकली ते सगळ्यांना आठवत असेल. तासावर भाड्याने मिळणारी, मोठ्या माणसाच्या उंचीची सायकल. सीटवर पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून 'कैची' मारायची. गुडघे फुटायचे, घरी मार बसायचा, आणि दोन दिवसांत सायकल यायची. हे शिक्षण तोल सांभाळण्याचे होते, रहदारीचे नव्हते. रहदारीच नव्हती.

सरकारला मात्र सायकल दिसत होती. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर दंड, डबलसीट बसवले तर दंड. मी शाळेत असताना एका तालुक्याच्या गावी एका पोलिसाने माझ्या सायकलीची दोन्ही चाकांतली हवा सोडली होती, कारण डायनामो लागत नव्हता. मी चार किलोमीटर सायकल हातात धरून चालत घरी गेलो. नियम योग्यच होता, अंधारात दिवा हवाच. पण आज मागे वळून पाहताना जाणवते की सायकलविषयीचे ते सगळे नियम सायकलस्वाराला उद्देशून होते. दोष त्याचा असणार हे गृहीत होते. जड गाडीने सायकलपासून किती अंतर ठेवावे, याबद्दल कुणाला दंड झालेला मी पाहिला नाही. पुढे बिल्ले गेले, कर गेला, आणि सायकल सरकारी नजरेतूनच नाहीशी झाली.

ती परत आली मुलींच्या शाळेच्या निमित्ताने.

शिक्षण हक्काच्या कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. नववीपासून अंतराची हमी संपते. आमच्या भागात मुलींची शाळाही तिथेच संपायची. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले की त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ पासून १२५ मागास तालुक्यांत हे काम सुरू झाले. लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या, आणि पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकल. आमचा तालुका त्यात होता.

या योजनेविषयी मी वावगे बोलणार नाही. पहिल्या वर्षी सायकली आल्या त्या दिवशी शाळेच्या पटांगणात जो गोंगाट झाला, तसा मी पंधरा ऑगस्टलाही ऐकला नव्हता. ज्या घरांतून आठवीनंतर मुलगी मिरची तोडायला जायची, त्या घरांतली मुलगी दहावीला बसली. हे मी डोळ्यांनी पाहिले.

पण त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. नद्यांवर पूल होत होते. प्राणहितेवर, गोदावरीवर कालेश्वरला जोडणारा, आणि पातागुडमला इंद्रावतीवर. गेल्या दशकात ते एकामागून एक खुले झाले, आणि दीडशे वर्षे संपणारा रस्ता अचानक आरपार झाला. निजामाबादहून जगदलपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६३, ज्याचा जुना क्रमांक १६ होता, आमच्या गावातून वाहू लागला. साकोली-गडचिरोलीकडून येणारा ३५३ सी त्याला इथेच भेटतो. तेलंगणात कालेश्वरम प्रकल्प उभा राहिला. त्याचे मेडिगड्डा धरण २०१९ साली सुरू झाले, त्याचे एक टोक आमच्या तालुक्यात आहे. सिमेंट, लोखंड, यंत्रे, आणि मग गोदावरीच्या घाटांवरची वाळू. लाऱ्या रांगेने उभ्या राहू लागल्या आणि रांग सुटली की एकामागून एक धावू लागल्या.

पूल वाईट नव्हेत. पुलामुळे बाळंतीण वरंगळच्या दवाखान्यात वेळेत पोचते, हेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की एका खात्याने मुलीला सायकल दिली, दुसऱ्या खात्याने रस्ता महामार्ग केला, दोघांची कामे चांगली होती, आणि दोघांची भेट कधी झाली नाही. त्यांची भेट झाली ती डांबराच्या कडेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या बाबतीत ती एका जुलैत झाली. ती नववीत होती. सायकल तिच्या मापापेक्षा मोठी होती, दोन वर्षे टिकावी म्हणून बापाने मोठी घेतलेली. दप्तर मागच्या कॅरिअरवर, पावसाचा प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर. डांबराची कड आणि खालची माती यांत वीतभर उतार होता, साइडपट्टी पावसाने वाहून गेली होती. मागून भरलेली लारी आली. पुढच्या मुलीने नेहमीची हाक दिली. ही सरकली, पण सरकायला जागा नव्हती. चाक डांबरावरून खाली गेले आणि ती पडली. लारी तिला लागलीही नाही, तिच्या वाऱ्याने कागद उडाला तेवढाच. हात कोपराजवळ मोडला. ड्रायव्हरला बहुधा कळलेही नसेल.

हे कुठल्याच नोंदीत नाही. धडक नाही म्हणून अपघात नाही, मृत्यू नाही म्हणून बातमी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती. पण ज्या मुली पडून, घाबरून, शाळेतूनच नाहीशा झाल्या त्यांची मोजणी कुठल्या अहवालात नाही. हिचा हात दीड महिन्यात जुळला. ती शाळेत आली नाही. मी घरी गेलो. बापाने अंगणात खाट टाकली, चहा सांगितला, आणि म्हणाला, "सर, सायकल सरकारची आहे. पोरगी माझी आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पोरीला परत पाठवा असे म्हणताना मी कशाच्या भरवशावर म्हणत होतो? रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे तिची सही होती. योजना पूर्ण झालेली होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातली दोन नावे माझ्या मनात राहिली. स्टिना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात लहान मुलांना प्रत्यक्ष रहदारीत वर्षानुवर्षे पाहिले. आवाज कोणत्या दिशेने येतो, गाडी किती वेगात आहे, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष कसे द्यावे, हे लहान मुलाला मोठ्यासारखे जमत नाही, कारण ते अजून वाढत असते. कितीही पाठांतर करून घ्या, मूल रहदारीत बसवता येत नाही. रहदारीच मुलाच्या मापाची करावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे नाव विक लांगेनहॉफ या डच पत्रकाराचे. आज नेदरलँड्स म्हटले की सायकलींचा देश डोळ्यांपुढे येतो आणि तो पहिल्यापासून तसाच असणार असे आपण धरून चालतो. तसे नव्हते. युद्धानंतर तिथे मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले, आणि १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. लांगेनहॉफची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गेली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, धोक्याच्या चौकांचे नकाशे काढले, सरकारकडे गेले. त्यांनी मुलांना सावध राहा असे सांगितले नाही. तिथे शाळेत मुलांची सायकल परीक्षा १९३२ पासूनच होती, तरी मुले मरत होती. त्यांनी मागितले ते वेगळे सायकलमार्ग आणि वस्तीत कमी वेग. ते मिळायला वर्षे लागली, पण मिळाले.

म्हणजे शिकवणे व्यर्थ आहे का? तसे नाही. आपल्याच देशात, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली होती. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या, आणि पी. साईनाथांनी त्याविषयी लिहिले आहे. सायकल हातात देणे आणि सायकल शिकवणे ही दोन कामे आहेत, हे बेळगावच्या दुकानानंतर तिथे पुन्हा कुणाला तरी कळले होते. पण पुदुक्कोट्टईने बायकांना शिकवले, आणि नेदरलँड्सने रस्त्याला शिकवले. आमच्या मुलींना दोन्ही हवे होते आणि दोन्ही मिळाले नव्हते.

शाळेच्या हातात होते तेवढे आम्ही केले. नव्या सायकली आल्या की पहिले आठ दिवस पटांगणात सराव. ब्रेक लावून थांबणे, एक हात सोडून वळण दाखवणे, खांद्यावरून मागे पाहूनही सरळ जाणे. सीट खाली करणे, आणि बापांना मापाची सायकल घ्यायला सांगणे. मागच्या मडगार्डला लाल परावर्तक पट्टी. महामार्गावरून येणाऱ्या मुलींनी एकटीने न येता तीन-चारजणींनी मिळून, एकामागे एक यायचे, सगळ्यात मागे मोठी मुलगी. आणि हाक आम्ही बदलली. पडायला जागा असेल तिथेच सरकायचे. नसेल तर उतरून उभे राहायचे आणि लारीला जाऊ द्यायचे. शाळेला दहा मिनिटे उशीर झाला तर हजेरी मांडायची, ही माझी जबाबदारी.

२०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. निळ्या बसगाड्या बंद झाल्या, आणि आठ-दहा किलोमीटरवरच्या मुलीही मिळेल त्या सायकलीने येऊ लागल्या. त्या हिवाळ्यात या सरावाची खरी परीक्षा झाली. एकही मुलगी दवाखान्यात गेली नाही. याचे श्रेय सरावाला की नशिबाला, मला सांगता येणार नाही. रोज संध्याकाळी शेवटची मुलगी घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी जेवत नसे, एवढे खरे. नशिबावर भरवसा असता तर जेवलो असतो.

साइडपट्टी भरण्यासाठी, शाळेच्या फाट्यावर गतिरोधक आणि फलक लावण्यासाठी दिलेले अर्ज मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. मागणी मोठी नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेने सांगितले आहे की जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा. ताशी ६० ने येणारी लारी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर कापते. ड्रायव्हरला मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती पंचवीस मीटर पुढे आलेली असते, आणि भरलेल्या लारीचे थांबणे त्यानंतर सुरू होते. हे गणित नववीच्या पुस्तकातले आहे. ते मुलींनी सोडवायचे आणि रस्ता आखणाऱ्यांनी सोडवायचे नाही, हा प्रकार मला आजही समजत नाही.

निवृत्तीनंतर हा लेख लिहायचे मी टाळत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला गेलेल्या सहा मुलांना ट्रकने उडवले. चौघे गेले. ती मुले सायकलवर नव्हती, रस्त्याच्या मधोमधही नव्हती. कडेला होती, जिथे आपण मुलांना कायम राहायला सांगतो. ती बातमी वाचली आणि कागद पुढे ओढला.

त्या नववीतल्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. ती त्या वर्षी आली नाही. पुढच्या जूनमध्ये बाप स्वतः तिला सायकलवर मागे बसवून घेऊन आला, आणि वर्षभर रोज तसाच आणत राहिला. शेतावर जाण्याआधी एक फेरी, आल्यावर एक फेरी. ती सरकारी सायकल होती, पण चालवत होता बाप. मुलगी दहावी झाली. त्याने किती मजुरी बुडवली याचा हिशेब मी कधी विचारला नाही. रस्त्याच्या कडेला दोन हात रुंद मुरूम टाकला असता, तर त्याला ती बुडवावी लागली नसती.

मी अजून संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसतो. शाळा सुटते, सायकली येतात, मागून लारी येते, आणि पुढची मुलगी हाक देते. हाक तीच आहे. पण हल्ली काही मुली सरकत नाहीत. त्या उतरतात, सायकल घट्ट धरून उभ्या राहतात, आणि मान वर करून लारीच्या काचेकडे पाहतात. एखादा ड्रायव्हर वेग कमी करतो. तो कमी करतो तेव्हा मला रजिस्टरमधला नववा रकाना आठवतो, आणि तो आमच्या रजिस्टरमध्ये नव्हे, रस्ता बांधणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये असायला हवा होता हे कळते.